तारकाका

तारकाकांचा जगातल्या कुठल्याही चिकटणाऱ्या वस्तूवर विश्वास नाही. लग्नपत्रिकेचं पाकीटसुद्धा ते डिंकाच्या भरवशावर सोडत नाहीत, वर स्टेपल मारतात. चष्म्याला दोरी, छत्रीला दोरी, कुकरच्या शिट्टीला दोरी. बँकेच्या काउंटरवर दोऱ्याने बांधलेलं पेन दिसलं की त्याला कौतुकाने एक हिसका देऊन बघतात. हयात भोसरीच्या टूलरूममध्ये गेली, त्यामुळे हात सोन्याचा आणि जीभ कानशीसारखी.

असा माणूस निवृत्त झाल्यावर केटीएम आरसी 390 घेऊन रेसट्रॅकवर जातो म्हटल्यावर सोसायटीत म्हातारचळाची चर्चा झाली. पण काकांचं वेगाशी देणंघेणं एवढंच, की वेगात वस्तू सुटतात आणि ते त्यांना बघवत नाही.

पुण्याहून श्रीपेरंबुदूरजवळचा इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक सुमारे 1,200 किलोमीटर. गाड्या पिकअपमध्ये. प्रत्येक धाब्यावर बरोबरची रायडर पोरं चहा पितात आणि काका मागे चढून पट्टे आवळतात. ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला, "काका, अजून आवळलंत तर चेसिस वाकेल." काकांनी ती प्रशंसा समजून स्वीकारली.

ट्रॅक 1990 पासूनचा, 3.7 किलोमीटरचा, 12 वळणांचा. पोरं सकाळी पोचतात, आरसे काढतात, दिव्यांच्या काचांवर टेप मारतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत टाकीवर ॲक्शन कॅमेरा चिकटवतात. नेमके तेव्हाच काका मागे उभे असतात.

"कधी चिकटवलास?"

"आत्ताच, काका. टेप एकदम भारी आहे."

"भारीच असते रे. पण नीट पकड यायला निदान चोवीस तास लागतात तिला. टाकी कशाने पुसलीस?"

"फडक्याने."

"पॉलिशच्या?"

पोरगं गप्प.

मग गणित. कॅमेरा साधारण दीडशे ग्रॅमचा. ताशी 150 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 42 मीटर. "एवढा ऐवज सुटून मागच्याच्या गळ्यावर बसला, तर त्याच्या आईला कोण फोन करणार? तू?" हेल्मेटवर कॅमेरा लावायची गोष्ट कुणी काढली तर मात्र गणितही नाही. नुसते बघतात. बहुतेक आयोजकांना ते चालत नाही आणि आयोजकांच्या शहाणपणाबद्दल काकांचं एवढ्या एकाच बाबतीत चांगलं मत आहे.

चिकटपट्टी ते स्वतःही लावतात, पण सून नवी असताना तिच्या हाती किल्ल्या देतात तितक्याच विश्वासाने. जागा सपाट हवी, खरखरीत प्लास्टिक नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, दाबून धरायचं, आणि हे सगळं आदल्या दिवशी, घरी. खरा संसार त्यानंतर सुरू होतो. पोलादी तारेची बारीक दोरी, दोन्ही टोकांना फास, फासावर दाबलेली नळी. एक टोक कॅमेऱ्याच्या चौकटीला. पोरं ते माउंटला बांधतात. माउंटच उखडला तर दोरी कुणाला धरून बसणार, हा प्रश्न काका इतक्या करुण स्वरात विचारतात की पोरांना आपण अनाथ झाल्यासारखं वाटतं. दुसरं टोक चेसिसच्या बोल्टला. फेअरिंगच्या प्लास्टिकला नाही, हँडलला तर नाहीच. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघायचं. दोरी इतकी आखूड, की कॅमेरा लोंबला तरी चाकापर्यंत किंवा चेनपर्यंत पोचू नये. लांब दोरी म्हणजे पडलेला कॅमेरा स्वतःच चाकात नेऊन घालणं.

एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हा त्यांचा जुना वैरी. तिने माउंटचा स्क्रू हळूहळू सैल होतो. एकाने त्यावर थ्रेडलॉकर ओतलं. काका हळहळले: पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात, हे शाळेत का शिकवत नाहीत? त्यांचा इलाज नायलॉक नट, वर केबल टाय.

एवढं करून ट्रॅकवर उतरण्याआधीच्या तपासणीला गेले की खरा सोहळा. तपासनीस तमिळ, काका मराठी, दोघांची इंग्रजी बेताची. तपासनिसाने कॅमेरा धरून हिसका दिला; स्टँडवरची अख्खी गाडी हलली, कॅमेरा हलला नाही. त्याने खाली वाकून ऑइलच्या ड्रेन बोल्टला, तो सुटू नये म्हणून बांधलेली लॉकवायर पाहिली. तार बोल्टला आवळायच्या दिशेने ओढणारी हवी. निम्मे लोक ती उलटी लावतात. काकांची सुलटी होती, पीळ एकसारखे होते, टोक आत वळवलेलं होतं. "सरी, सार," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे जाता जाता त्याने एकदा मागे वळून बघितलं. विहिणी एकमेकींच्या पुरणपोळ्या खाताना इतक्या समाधानी नसतात.

तेव्हापासून काकांच्या पिटपुढे रांग. हजार सीसीच्या गाड्या चालवणारी, वळणावर गुडघा टेकवणारी पोरं निमूटपणे हातात कॅमेरा धरून उभी. काकांचं पहिलं सेशन यातच गेलं. पक्कड खाली ठेवून ते दुसऱ्या सेशनला निघाले आणि त्यांनी जी गाडी चालवली तिला मी, त्यांचा मित्र म्हणून, संयमी म्हणेन. सरळ रस्त्यावर त्यांना सगळ्यांनी ओलांडलं. वळणावर राहिलेल्यांनी.

रात्री लॉजवर चित्रीकरण बघायचा कार्यक्रम. चित्र दगडासारखं स्थिर. उजवीकडून एक हिरवी गाडी सुसाट पुढे गेली, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"थांबव. मागे घे. अजून मागे."

काकांनी चष्मा वर केला, पडद्याला नाक लावलं. मग डावीकडून एक निळी गाडी गेली. "हिलाही थांबव." आपल्याला ओलांडणाऱ्या प्रत्येकाला काकांनी असं अडवलं आणि ते लॉजच्या बिलामागे काहीतरी लिहीत बसले.

सकाळी उजाडता उजाडता ते हिरव्या गाडीवाल्याच्या पिटमध्ये हजर. पोरगं कोल्हापूरचं, डोळे चोळत उठलं आणि काकांना बघून फुललं.

"काका! बघितलात का कालचा ओव्हरटेक? कसला मारला!"

"तो नाही बघितला रे. सायलेन्सरचा क्लॅम्प बघितला तुझ्या. हो बाजूला."