आधी नोंद, मग रीस्टार्ट

कॉम्प्युटर अडला की सगळीकडून एकच सल्ला येतो: बंद करून परत चालू करा. दवाखान्यात तेच, सोसायटीच्या ऑफिसात तेच, हेल्पलाइनवरही तेच. मशीन चालू होतं, लोक कामाला लागतात आणि विषय मिटतो. का अडलं होतं ते कुणी विचारत नाही. विचारलं तरी मेमरीतला पुरावा रीस्टार्टबरोबर गेलेला असतो. या सवयीची मला मनापासून चीड आहे.

आमच्या जयपूरच्या तिलक नगरात मे-जूनच्या संध्याकाळी आंधी उठते आणि लाइट जाते. यूपीएस नसलेला डेस्कटॉप जागच्या जागी बंद पडतो. असं दोन-चारदा झालं की दुरुस्तीवाला सांगून मोकळा होतो, मशीन जुनं झालं, नवं घ्या. दोष मशीनचा की विजेचा, हे ठरवायला दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती दर मिनिटाला एका फाइलीत त्या क्षणाची वेळ लिहिते, आधीची खोडून. मशीन परत सुरू झालं की ती फाइलीत उरलेली वेळ वाचते आणि दुसऱ्या फाइलीत ओळ टाकते: शेवटची नोंद १८:४२, पुन्हा सुरू १९:२७. मशीन नीट बंद केलं असेल तर जाताना तशी खूण ठेवलेली असते. खूण नाही, म्हणजे मशीन अचानक गेलं. महिन्याभराच्या ओळी वाचा. सगळ्या पडझडी आंधीच्या वेळेला असतील तर वीज; भर दुपारी, पंखा गरगरत असताना असतील तर पॉवर सप्लाय किंवा रॅम तपासायला घ्या.

लिनक्सवर हे क्रॉनमधून चालवा, विंडोजवर टास्क शेड्युलरमधून. विंडोज स्वतःही इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टिपून ठेवतं: ६००६ म्हणजे नीट बंद, ६००८ म्हणजे अचानक. पण टास्क मॅनेजरमधल्या ‘अप टाइम’वर विसंबू नका. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केलं तरी कर्नल पुरता बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो. रोज रात्री इमानेइतबारे मशीन बंद करणाऱ्यालाही तिथे पंधरा-वीस दिवस दिसू शकतात. आकडा शून्यावर येतो तो रीस्टार्टने. वापरणाऱ्याला हे कुणी सांगायची तसदी घेत नाही.

किती वेळ चालू आहे, हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर सौदी अरेबियातलं धहरान आठवा. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी तिथली पॅट्रियट क्षेपणास्त्रांची यंत्रणा शंभराहून अधिक तास सलग चालू होती. वेळ मोजण्यातली बारीक चूक साचत साचत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शावर गेली, येणारं स्कड क्षेपणास्त्र हुकलं आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. ‘फार वेळ’ चालू ठेवू नका असा इशारा काही दिवस आधी पोचला होता. फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात लिहिलंच नव्हतं!

घरगुती वापरातही आकड्यालाच वजन असतं. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत चोवीस तास पुरवठ्याची तरतूद आहे. पण ‘सारखी लाइट जाते’ असं सांगत वीज कार्यालयाच्या खिडकीशी उभं राहिलं की पलीकडून विचारतात, कधी? तिथे तारीखवार कागद पुढे सरकवता आला पाहिजे. लॅपटॉपची नोंद इथे चालणार नाही, त्याला बॅटरी असते. आणि डेस्कटॉप जुना असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल आधी बदला. तो संपला असेल तर लाइट आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. नेटवरून वेळ जुळेपर्यंत स्क्रिप्टला थांबायला सांगा, नाहीतर तुमचा पुरावा पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.