चिलटांच्या हंगामात

चिलट शोधावं लागत नाही, ते आपणहून डोळ्यात येतं. डासाला निदान काही रीतभात असते. तो आधी कानाशी येऊन गुणगुणतो, आल्याची वर्दी देतो, अंधारात आपल्याकडून दोन टाळ्या घेतो आणि मगच कामाला लागतो. चिलटाला असली मैफल जमत नाही. पंखांची मेहनत मात्र एवढी, की त्याच्या कुळातली काही मंडळी सेकंदाला हजाराहून अधिक वेळा पंख हलवतात. आणि एवढं करूनही साधी वाऱ्याची झुळूक आली, की सगळा थवा गवताच्या बुडाशी जाऊन बसतो. त्यांतली काही नुसती डोळ्यांभोवती पिंगा घालतात, त्यांची तहान आपल्या आसवांवर भागते. बाकीची चावतात. चावणाऱ्या सगळ्या माद्या. अंडी पिकायला त्यांना रक्त लागतं. म्हणजे पोटरीवर उठलेली प्रत्येक पुळी ही कुणाच्या तरी डोहाळजेवणाची खूण असते, आणि असं जेवण नाकारणाऱ्याला आपल्याकडे करंटा म्हणतात.

या विषयात मी इतका शिरलो आहे, कारण येत्या श्रावणात आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडिगोंड्याच्या बाजूला मामांच्या शेतात तंबू ठोकून राहायचा बेत आमच्या घरात शिजतो आहे. इंग्रजी गोष्टींतली मुलं उन्हाळ्याच्या सुटीत पाठीला पिशव्या लावून रानात जातात आणि पावसाने भिजून परत येतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावणच. आदिलाबादच्या खऱ्या उन्हाळ्यात तंबू ठोकायची कल्पना फक्त कुंभाराला सुचावी. पारा पंचेचाळीसला टेकलेला, सागाची पानं गळून गेलेली, आणि कुंटालाचा धबधबा म्हणजे नुसता काळा उघडा खडक. तेलंगणातला हा सर्वांत उंच धबधबा. कडेम नदी इथे सुमारे ४५ मीटर खाली येते. पण ती येते पावसाळ्यात. त्यामुळे पाणी बघायचं तर चिलटांच्या हंगामातच जावं लागतं. निसर्गाने दोन्ही गोष्टी एकाच तिकिटावर ठेवल्या आहेत.

कुंटालाचं नाव तिथले लोक शकुंतलेशी जोडतात. दुष्यंत आणि ती इथेच भेटली, असं सांगतात. माझा यावर विश्वास बसायला एक अडचण आहे. कालिदासाच्या नाटकात पहिल्याच अंकात शकुंतलेच्या तोंडाशी एक भुंगा घोटाळतो, ती त्रासते, आणि झाडाआड लपलेला राजा तिला सोडवायला पुढे येतो. एक भुंगा! श्रावणातल्या कुंटालाला एक भुंगा म्हणजे कवीने फारच हात आखडता घेतला म्हणायचं. इथे शकुंतलेभोवती चिलटांचा ढग असता, राजा पुढे आला असता तर त्याच्याही भोवती दुसरा झाला असता, आणि दोघांनी दोन हातांनी आपापली तोंडं झाकून घेतल्यावर नजरानजर कशी व्हायची? भरताचा जन्म हुकला असता. आश्रमाची जागा ठरवताना कण्वमुनींनी वाऱ्याचा विचार नक्की केला असणार.

आमच्या तयारीचा आरंभ तंबूपासून झाला. तो चौघांचा आहे, असं त्याच्या पिशवीवर छापलंय. कोणत्या आकाराच्या चौघांचा, ते छापलेलं नाही. शेजारीच ‘३००० मिमी’ असंही लिहिलंय. आदिलाबादेत वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा सलग तीन वर्षांचा पाऊस एका रात्रीत कोसळला तरी आपण आत कोरडे, असा हिशेब मुलाने मांडला. हा आकडा पावसाचा नसून कापड किती उंचीच्या पाण्याचा भार सोसतं याचा आहे, हे मला दुकानदाराने समजावलं होतं. पण मुलाचा चेहरा इतका निर्धास्त दिसला, की मी ते ज्ञान माझ्यापाशीच ठेवलं. शिवाय त्या मुलखात पाणी वरून येतं त्यापेक्षा माती खालून जास्त येते. कपाशीची ती काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून बसते आणि पहिल्या पावसात सगळ्या भेगा मिटवून फुगते. मग ती चपलेला धरते, चप्पल पायाला धरते, आणि माणूस चार पावलांत चार बोटं उंच होतो. अशा मातीत तंबूची खुंटी ठोकायची नसते, लोण्यात सुरी ठेवावी तशी ती नुसती ठेवायची असते. ती किती वेळ राहील, हे तिच्यावर.

चिलटांविरुद्धची आघाडी बायकोने सांभाळली आहे. ओडोमॉस, कडुनिंबाचं तेल, कासव छाप अगरबत्ती, लांब बाह्यांचे सदरे, पायजम्यांवर ओढायचे मोजे. साधी मच्छरदाणी चालत नाही. डासासाठी विणलेल्या जाळीच्या छिद्रातून चावरं चिलट अंगण ओलांडावं तसं आत येतं. म्हणून तंबूची जाळी अगदी बारीक बघून घेतली. आता ती इतकी बारीक आहे, की चिलटांबरोबर हवाही विचार करूनच आत येते. मुलीने मात्र खाऊच्या डब्यात चॉकलेटं भरून ठेवली आहेत, आणि मला त्यातली गंमत कुणाला सांगावी कळेना. कोकोची इवलीशी फुलं फळतात ती याच कुळातल्या चिमुकल्या माश्यांमुळे. म्हणजे आमच्या डब्यातला गोडवा त्यांच्या भावकीने मिळवलेला, आणि तो खाताना आम्ही त्यांनाच धूर दाखवणार.

रक्ताचा मोबदला मिळायचा, असेही दिवस होते. निजामाच्या मुलखातल्या सिकंदराबादच्या छावणीत १८९७ साली रोनाल्ड रॉस नावाचा डॉक्टर हिवतापाचा माग काढत होता. हुसेन खान नावाच्या रोग्याला त्याने आपल्या डासांकडून चावून घ्यायला लावलं आणि दर डासामागे एक आणा मोजला. त्यांतल्याच एका डासाच्या पोटात २० ऑगस्टला त्याला हिवतापाचा जंतू सापडला आणि पुढे नोबेलही मिळालं. हुसेन खान नंतर फुकट चावणाऱ्या डासांकडे कोणत्या नजरेने बघत असेल, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. आमच्याकडे हिशेब उलटा आहे. चावून घेऊ नये म्हणून आम्ही आत्तापर्यंत जे रुपये घातलेत, त्यांचे आणे केले तर सिकंदराबादची अख्खी छावणी चावून निघाली असती.

तसा आदिलाबाद हा मुक्काम ठोकणाऱ्यांचाच जिल्हा. १९४०च्या दशकात व्हिएन्नाचे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ गोंडांचा अभ्यास करायला इथे आले, पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईला राहिले, गावोगाव हिंडले. त्याच सुमाराला आपले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाचे अधिकारी म्हणून या भागात होते. गोंडी बोलायला शिकले, तिचं व्याकरणही लिहिलं. एवढं सगळं लिहिणाऱ्या या माणसांच्या टेबलावर दिव्याभोवती काय काय जमत असेल, याची मला राहून राहून उत्सुकता आहे. कागदावर पडलेला एखादा किडा अनुस्वार म्हणून छापून गेला नसेल कशावरून? बेटी १९८७ साली वारल्या तेव्हा त्यांना मार्लवाईतच माती दिली. आता ते गाव, जिल्ह्याचे चार तुकडे झाल्यापासून, आसिफाबादकडे गेलं आहे. माणसं मुक्कामाला येतात आणि कधी कधी राहूनच जातात, ती चिलटांमुळे नव्हे, पण चिलटं असूनही.

केसलापूरचे मेस्राम गोंड तर याहून जुने मुक्कामी. नागोबाच्या जत्रेसाठी ते अनवाणी गोदावरीपर्यंत जातात, झारीत पाणी घेऊन परततात आणि केसलापूरच्या वडांखाली उतरतात. सगळ्या घराण्यांचा स्वयंपाक ठरलेल्या २२ चुलींवर. ना जाळी, ना ३००० मिमी. त्यांनी यासाठी पौष अमावास्या धरली आहे. थंडी असते, रान कोरडं असतं, आणि चिलटांचा मागमूस नसतो. परंपरेला कारणं विचारू नयेत, पण हे कारण मला मनापासून पटतं.

यादी पुरी होत आल्यावर मी मामांना फोन लावला. जागा कोणती द्याल, आंब्याखालची की विहिरीजवळची, हे विचारायचं होतं.

‘‘तंबू कायले आनता बाप्पा? घर हाय ना.’’

‘‘मामा, मुलांना रानात झोपायचंय.’’

‘‘मंग मचाणावर झोपा. मक्याच्या राखणीले बांधलंच हाय. खाली निंबाच्या पाल्याचा धूर केला का काही येत नाही.’’

मी तंबूचं वर्णन केलं. मनात नसताना जरा भर घालूनच केलं. विकत घेतलेल्या वस्तूची बाजू घ्यावीच लागते. मामा ऐकत होते. जाळीपाशी त्यांनी मला थांबवलं.

‘‘चिलटबी शिरत नाही म्हन्तो?’’

‘‘एकसुद्धा नाही.’’

फोनमध्ये काही वेळ गोठ्यातल्या घंटेचा आवाज तेवढा येत राहिला. मग मामा, मोठी अडचण सुटल्यासारखे, म्हणाले, ‘‘बरं झालं. आपली तांबडी येली परवा. वासराच्या डोळ्याले लई झोंबून राह्यलेत ते. तुमचा तंबू मापात बसन त्याले.’’

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मुलीने तर फोन ठेवायच्या आत यादीतल्या ‘तंबू’पुढचं ‘चौघांसाठी’ खोडून टाकलं, आणि आत अंथरायला माझीच जुनी गोधडी काढली. चौघांचा म्हणजे कोणत्या आकाराच्या चौघांचा, हा माझा प्रश्न तिने एका वासराने सोडवला होता. तांबडीला बाहेर बांधलं तर ती हंबरेल का, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे. बायकोला काळजी आहे ती मचाणावर आम्ही चौघं मावू का, याची. मामांना पुन्हा फोन करून विचारलं. म्हणाले, मावता की. रात्री रानडुकरं आली तर हाकलायले तेवढीच मानसं झाली.