क्लचकाका

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला ‘गाडी कशी पळते?’ असं विचारू नये. ‘सध्या काय काढलंय?’ असं विचारावं. मग तो खुलतो.

आमच्या इंग्लंडमधल्या गल्लीत असे एक गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, सालस, मितभाषी. त्यांची 1965 ची एमजीबी आहे. 1962 ते 1980 या काळात अॅबिंग्डनला बनलेली ही उघडी, दोन सीटची गाडी. आम्ही घरात त्यांना क्लचकाका म्हणतो.

मौज अशी, की या गाडीच्या क्लचला अॅडजस्ट करायचा स्क्रूच नाही. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, त्या जोरावर गिअरबॉक्सपाशी बसलेला स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. प्लेट झिजेल तसा स्लेव्हचा पिस्टन आपापली जागा बदलून घेतो. कारखान्याने मालकाला काही कामच ठेवलेलं नाही. क्लचकाका मात्र दर रविवारी क्लच अॅडजस्ट करतात.

त्या वेळी त्यांचं डोकं पेडलांपाशी आणि पाय सीटच्या पाठीवरून आभाळाकडे असतात. बायको चहा आणते आणि बुटांशी बोलते. एअर काढायची असली की मला बोलावणं येतं. मी पेडलवर, काका गाडीखाली. ‘दाबा. धरा. सोडा.’ सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून पाण्याची बादलीही माझ्याकडेच.

सिग्नलला क्लचवर पाय ठेवून बसणाऱ्याला ते शत्रू मानतात. आतलं कार्बनचं रिलीज बेअरिंग त्याने झिजतं आणि ते बदलायचं तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत भीती दिसायला हवी. दिसते ती आशा.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून माझे सासरे आले. हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. गाडी रिव्हर्स घेताना खरखरली तसे ते उठले, हाताने पेडल हलवून पाहिलं, वरचं झाकण काढायला लावलं आणि म्हणाले, “जावईबापू, पिन खाल्लीया. भोक बघा की, अंड्यागत झालंय. निम्मं पेडल वायाच जातंय.”

पेडल आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जोडणारी ती पिन. नवी घ्यायची तर कॅफेतल्या कॉफीपेक्षा स्वस्त. मी भाषांतर करून सांगितलं. क्लचकाकांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं जपलेल्या दुखण्यावर असलं चिल्लर औषध! तरी माणूस सभ्य. त्यांनी सासऱ्यांचे आभार मानले आणि पिन मागवली. सोबत नवा मास्टर सिलिंडर, नवा स्लेव्ह सिलिंडर आणि मधली नळीही मागवली.

सगळं एकाच रविवारी बसवलं. क्लच लोण्यासारखा झाला, रिव्हर्स बिनआवाज पडला. सासरे मिशीत हसले.

“बघितलंत?” क्लचकाका मला म्हणाले, “मी म्हणत होतो ना, स्लेव्ह सिलिंडरच.”

सासऱ्यांनी विचारलं, “काय म्हंत्यात?”

“आभार मानतायत,” मी म्हणालो.