अडवा आणि जिरवा

जून २०२४. दिल्लीच्या जलमंत्री आतिशी भोगलमध्ये उपोषणाला बसल्या. हरियाणानं अडवलेलं आमच्या वाट्याचं रोजचं १० कोटी गॅलन पाणी सोडा, ही मागणी. हरियाणा म्हणे, आम्ही पुरेपूर सोडतो, गळती तुमच्याकडे. यमुनेची वाटणी पाच राज्यांनी १९९४ मध्येच केली होती. म्हणजे भांडायला कागद पक्का होता, वाटायला पाणी तेवढं नव्हतं.

त्याआधी दिल्ली सरकारनं पाइपनं गाडी धुणाऱ्यांना २००० रुपये दंड लावून २०० पथकं नेमली. वकिलातींना खेटून असलेल्या झोपडपट्टीत मात्र टँकर थांबायच्या आत पोरं टपावर चढून पाइप आत सोडत होती. तिथं पथकाला काही काम नव्हतं. धुवायला गाडीच नव्हती.

जे पाणी येतं त्याचं पानिपत होतं, तेही पानिपतातच. तिथल्या रंगाई कारखान्यांचं सांडपाणी नाल्यांतून यमुनेत उतरतं आणि अमोनिया वाढला की वझिराबादचं जलशुद्धीकरण केंद्र मान टाकतं. चादरी देशभर जातात, अमोनिया दिल्लीच्या वाट्याला.

आतिशींची प्रकृती ढासळून उपोषण सुटलं. तीनच दिवसांनी, २८ जूनला, २४ तासांत २२८ मिलिमीटर पाऊस कोसळला. थेट जलमंत्र्यांच्या बंगल्यात पाणी शिरलं! या पाण्यात कुणी वाटा मागितला नाही, ते कुणी अडवलंही नाही. अडवायचं ते एकमेकांना आणि जिरवायची ती एकमेकांची, एवढंच जलव्यवस्थापन तेव्हाच्या दोन्ही सरकारांना पक्कं जमलं होतं.