बाया, आया आणि अण्णा

सावेडीत पहाटे साडेपाचला एखाद्या गच्चीवरून "बाया, बायास, बाया" असा खणखणीत आवाज आला, तर पोलिसांना फोन करू नका. ते आमचे अण्णा. पाठोपाठ "आया, आयास, आया"ही येईल. पहिलं 'जाणे'चं रूप, दुसरं सहायक क्रियापदाचं. स्पॅनिश लोक 'व'चा 'ब' करतात आणि 'ह' गिळून टाकतात, त्याला अण्णा काय करणार?

मुलगा माद्रिदला, सून तिकडचीच. अशा वेळी बाकीचे आजोबा 'ओला' आणि 'ग्रासियास'वर भागवतात. अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "यांचा विध्यर्थ कुठाय?" माणूस नेवाशाला मराठी शिकवून रिटायर झालेला. लग्नपत्रिकेतलं 'उपस्थित रहावे' लाल पेनाने 'राहावे' करून आहेराच्या पाकिटातून परत करणारा.

"अहो, ज्या गावात 1290 साली पसायदान मागितलं, तिथले आम्ही," अण्णा म्हणतात. "माउलींनी काय म्हटलं? 'वाढो', 'जावो'. आणि घोडेगावच्या मार्केटात कांदेवाला काय म्हणतो? भाव मिळतो म्हणतो? मिळावा म्हणतो!"

स्पॅनिश विध्यर्थाचा नियम त्यांनी मलाही शिकवला. 'मी'चं रूप घ्यायचं, शेवटचा 'ओ' खोडून 'आ' लिहायचा; '-आर'वाली क्रियापदं असली तर 'ए'. तेंगोचं तेंगा, पोंगोचं पोंगा. हा नियम न जुमानणारे सहाच: सेर, एस्तार, इर, आबेर, साबेर, दार. "मागच्या बाकावरची पोरं," अण्णा कौतुकाने म्हणतात. त्यातला 'दार' त्यांचा विशेष लाडका. दार म्हणजे देणे, आणि त्याचं विध्यर्थी रूप चक्क 'दे'!

"दे! दे! दे!" अण्णा हर्षाने ओरडले.

"काय देऊ? चहा आत्ताच झालाय," आतून काकू.

'पडो'ला स्पॅनिशमध्ये 'काइगा' म्हणतात. तो पाठ चालू असला की काकू दर वेळी "ओ" देत. आठवडाभर दिली; आता देत नाहीत, आणि खरंच हाक मारली तरी देत नाहीत.

परवा व्हिडिओ कॉलवर पाच वर्षांची नात लाडात आली. "किएरो के बिएनेस, आब्वेलो!"

अण्णांनी चष्मा सारखा केला. "बिएनेस नाही बाळा. 'किएरो के'नंतर विध्यर्थ. बेंगास."

पोर गप्प. सून हसू दाबतेय. मुलगा म्हणाला, "आई, ती म्हणतेय, आजोबांनी इकडे यावं."

"अहो, पोरगी बोलावतेय तुम्हाला!" काकू करवादल्या.

"कळलं मला," अण्णा पुटपुटले. "पण आधी नीट बोलावू दे."

पोरीने नीट बोलावलं. दुसऱ्या दिवशी अण्णा पासपोर्टचा फॉर्म भरायला निघाले, खिशात लाल पेन घेऊन.