नाताळला निघालात?

कोकणातले खड्डे बुजवण्याचा सरकारी मुहूर्त गणपतीआधीचा. मंत्री येतात, पाहणी होते, नवी तारीख मिळते. नाताळच्या वाट्याला तारीखही येत नाही. शापाय-शामायला भेटायला वांद्र्याहून बार्देसला निघालेल्या कुटुंबाने आपली पाहणी आपणच करायची, तीही माणगावच्या कोंडीत, पहिल्या गिअरमध्ये.

पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी बाप्तिस्मा झालेल्या नातवाला आता मिसरूड फुटलंय. शेजारच्या कोकण रेल्वेने मात्र १९९० ते १९९८ या काळात डोंगर पोखरून ७४१ किलोमीटरचा मार्ग उभा केला. म्हणूनच बहुधा डिसेंबरात तिचं तिकीट मिळत नाही.

तिकडे शामायचा फोन. ‘खंय पावल्यात?’ ‘माणगाव.’ तासाभराने पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिने दोदोल घोटून घेतला, नेवऱ्याही तळल्या. आता मध्यरात्रीची मिस्सा तरी गाठतील का, एवढीच तिची चौकशी. शापाय काही विचारत नाही. त्याने मुंबईतून बोटीने येण्याचे दिवस पाहिलेत, आणि बोट वेळेवर यायची हे तो दरवर्षी सांगतो.

अनुभवी मंडळींच्या मते मुंबई-गोवा महामार्गाचा सगळ्यात चांगला भाग पुणे, कोल्हापूर आणि आंबोलीवरून जातो. साताऱ्यापुढे तिथेही रुंदीकरण आहेच. पण त्या रस्त्याने गोव्याला पोचवण्याचं वचन कधी दिलेलं नाही, त्यामुळे भांडण होत नाही.