नक्कल करणाऱ्याची पाठ

पाहुण्याने "अकोल्यात बघण्यासारखं काय आहे?" असे विचारले की घरातल्या माणसांची पंचाईत होते. राजेश्वराचे दर्शन होते, असदगडाची भिंत दाखवून होते, आणि मे महिना असेल तर कुणीतरी मोकळ्या मनाने सांगून टाकतो, "आता पाह्यासारखं म्हनजे ऊनच हाये बाप्पा." जुन्या वस्तूंची चौकशी झाली तर आम्ही नागपूरकडे बोट दाखवतो. तिथले मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. त्याचे सरकारी नाव कुणाच्या तोंडी नाही, सगळा विदर्भ त्याला अजब बंगला म्हणतो. आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या जैन धातुमूर्ती तिथेच मुक्कामाला आहेत. खिनखिनीच्या माणसाला आपल्याच गावच्या तीर्थंकरांची भेट हवी असेल तर नागपूरची गाडी पकडून वर तिकीट काढावे लागते.

पोथ्यांच्या बाबतीत असे झाले नाही. कारंजा लाडच्या जैन मंदिरांत शेकडो वर्षे बांधून ठेवलेल्या पोथ्या गाव सोडून गेल्या नाहीत. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे या एका गावात आहेत, आणि भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठाधिपतींच्या, गादीबरोबर पोथ्यांचे बस्तेही वाढत गेले. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा निघाला आणि कारंजा अकोला जिल्ह्यातून तिकडे गेले. म्हणजे पोथ्या जागच्या हलल्या नाहीत, जिल्हाच त्यांच्या अंगावरून सरकून गेला.

पोथी म्हटले की लोक आधी चित्रे शोधतात, आणि त्यात गैर काही नाही. नागपूरच्या सेनगण मंदिरातली सुगंधदशमी कथेची मराठी पोथी चित्रांची आहे. राजाबरोबर वनविहाराला निघालेली राणी, दारात आलेले मुनी, आणि "तू मागे राहा, त्यांना आहार दे" अशी राजाची आज्ञा. नटूनथटून निघालेल्या बाईला ऐन वेळी स्वयंपाकघरात परत पाठवले की काय होते ते सांगायला धर्मग्रंथ लागत नाही. राणीने मुनींना कडू भोपळा वाढला. त्या पापाने तिच्या अंगाला दुर्गंधी जडली आणि पुढचे जन्म ती धुण्यात गेले. राजाने स्वतः मागे राहून वाढायला काय हरकत होती, हा प्रश्न कथेत कुणी विचारत नाही.

मला मात्र पोथीचे शेवटचे पान आधी बघायची खोड आहे. ग्रंथ संपलेला असतो, मोक्ष, कर्म, गुणस्थाने सगळी सांगून झालेली असतात, आणि मग नक्कल करणारा माणूस हळूच स्वतःचे बोलून घेतो. ही वाक्ये ठरावीक आहेत, देशभरच्या पोथ्यांत थोड्याफार फरकाने तीच सापडतात. पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, नजर खाली खिळून राहिली, एवढ्या कष्टाने लिहिले आहे, तेव्हा जपून ठेवा. पुढची तक्रार खुद्द पोथीच्या तोंडी असते : मला तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. आणि सर्वांत शहाणपणाचे कलम असे, की जसे समोर दिसले तसे उतरवले. शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये. तहसील कचेरीत मिळणाऱ्या कुठल्याही नकलेवर इतक्या सभ्य भाषेत हात झटकलेले मी पाहिलेले नाहीत.

या माणसाचे सामान थोडे. काजळ आणि डिंकाची शाई, बोरू, लाल अक्षरांसाठी हिंगूळ आणि चुकले की वरून फासायला पिवळी हरताळ. पानाच्या मध्यभागी तो एक चौकोन कोरा सोडतो, कधी त्यात लाल ठिपका देतो. ताडपत्रांना मधोमध भोक पाडून दोरी ओवत असत, ती ही जागा. कागद आला, दोरी गेली, भोक गेले, तरी चौकोन पुढे कित्येक शतके सुटत राहिला. का सोडायचा, हे कुणी विचारले नसावे. आमच्याकडेही लग्नातल्या निम्म्या विधींचे असेच आहे.

१९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची नागपूरला छापून निघाली. ती रायबहादूर हिरालाल यांची. त्याच काळात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन कारंज्याचे बस्ते सोडत होते. हे दोन हिरालाल वेगळे, आणि त्यांना एक समजण्याची परंपरा आता पोथ्यांइतकीच जुनी होत चालली आहे. या बस्त्यांतून अपभ्रंश भाषेची काव्ये बाहेर आली. पुष्पदंताचे जसहरचरिउ प. ल. वैद्यांनी १९३१ साली संपादून छापले, णायकुमारचरिउ हिरालाल जैनांनी १९३३ साली. मराठीच्या आधीची बोली कशी होती हे ज्यांना बघायचे होते, त्यांना कारंज्याची वाट धरावी लागली.

पण खरी गोष्ट धवलेची आहे. षट्खंडागम या दिगंबर जैनांच्या आद्य ग्रंथावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात लिहिलेली ही प्रचंड टीका. तिची ताडपत्रे दक्षिण कर्नाटकात मूडबिद्रीला होती, जुन्या कानडी लिपीत, काही पानांवर रंगीत चित्रे, सुमारे बाराव्या शतकातली. यात्रेकरूंना लांबून दर्शन मिळे, वाचायला कुणाला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शेटजींनी खटपट करून नक्कल करण्याची परवानगी मिळवली, ती मंदिरात बसून आणि मंदिरातच ठेवण्यासाठी. काम मिरजेच्या गजपती उपाध्यांकडे आले. ते दिवसा मंदिरासाठी नक्कल करीत आणि घरी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप दुसरी नक्कल तयार करीत. ही दुसरी प्रत त्यांनी बाहेर काढली. सोलापूरला ती घ्यायला नकार मिळाला, शेवटी सहारनपूरच्या एका श्रीमंत घराण्याने ती विकत घेतली.

चोरावर मोर तिथे भेटला. सहारनपूरला कानडी प्रतीची नागरी करायची ठरली. एक पंडित वाचत, सीतारामशास्त्री उतरवून घेत. उतरवता उतरवता शास्त्रीबुवांनी आणखी एक प्रत स्वतःसाठी करून ठेवली, आणि तिच्यावरून मागेल त्या गावाला नकला पुरवल्या. अशी एक आरा शहरात गेली, एक कारंज्याला, एक अमरावतीला. परवानगी एका नकलेची होती. मंदिराने कुलूप घालून जे आठशे वर्षे सांभाळले, ते दोन गरीब पंडितांनी पंचवीस-तीस वर्षांत देशभर करून टाकले. नीतीच्या तराजूत याचे वजन किती भरेल ते मला सांगता येत नाही, पण उपाध्ये प्रामाणिक निघाले असते तर अमरावतीला छापायला काही मिळाले नसते. चित्रे तेवढी मूडबिद्रीलाच राहिली. अक्षरे चोरून नेता येतात, रंगांना वेळ लागतो.

अमरावती, आरा आणि कारंजा यांच्या प्रती समोर ठेवून हिरालाल जैनांनी १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून काढला. सोळा खंड पूर्ण व्हायला जवळजवळ वीस वर्षे गेली. पहिल्याच खंडात एक गंमत झाली. त्र्याण्णवाव्या सूत्रात स्त्री साधनेच्या कोणत्या पायऱ्यांपर्यंत चढते ते सांगितले आहे. 'संजदासंजद' (अर्धवट संयमी) या शब्दापुढे 'संजद' (पूर्ण संयमी) हा शब्द असायला हवा असे संपादकांना वाटले, पण समोरच्या प्रतींत तो नव्हता, म्हणून त्यांनी तळटीप दिली. सारखी अक्षरे लागून आली की नकलकाराचा डोळा पुढे घसरतोच. पण त्या शब्दावर स्त्रीच्या मोक्षाचा जुना वाद टेकलेला होता. तळटीपेवरून पंडितांत जे पेटले ते वर्षानुवर्षे विझले नाही. लेख निघाले, सभा झाल्या. पुढे मूडबिद्रीची दारे उघडली, मूळ ताडपत्र ताडून पाहिले, तेव्हा शब्द जागेवरच होता.

बाईला मोक्ष आहे की नाही यावर पुरुष एवढी शाई खर्च करत असताना, मुळात ही पोथी मूडबिद्रीबाहेर पडली त्यात एका बाईचा हात होता, हे कुणाच्या मनात आले असेल का? मी त्या सभेत असतो तर लक्ष्मीबाईंचे नाव काढून पाहिले असते. आणि दिवसाचा स्वयंपाक उरकून चोरून लिहायला बसणाऱ्या त्या बाईंनी शेवटच्या पानावर पाठीबद्दल काही लिहिले होते का, हेही विचारले असते.